सीआरपी किती आला ते नंतर, आधी पेशंट कसा आहे ते बघा

साधा व्हायरल ताप, सर्दी-खोकला, ऑक्सिजन ९७, माणूस घरात चालतोय फिरतोय, दोन घास जेवतोय, आणि तरी त्याच्या मोबाईलवर सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, एलडीएच आणि आयएल-६ अशा, शरीरातली सूज आणि आजाराचा जोर बघायच्या रक्ताच्या टेस्टचा रिपोर्ट येऊन पडलेला. हे थांबायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डीएमएलटी करून या कामाला लागले त्याला बरीच वर्षं झाली, टेस्ट जास्त झाल्या की आमचंही घर चालतं हे मला चांगलं कळतं, तरीही लिहितेय. या टेस्ट वाईट नाहीत. ऑक्सिजनवर असलेल्या ॲडमिट पेशंटच्या बाबतीत याच टेस्ट डॉक्टरांना फार मोठी मदत करतात. पण घरी बऱ्या होत असलेल्या माणसाची, चुकीच्या दिवशी, पुढे काहीच ठरवायचं नसताना केली तर तीच टेस्ट त्याला आजारापेक्षा जास्त त्रास देऊन जाते, आणि हे आपण २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत गावोगाव बघितलंय.

आधी हा सीआरपी आहे काय ते बघू. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात एक पदार्थ सापडला, तो न्यूमोकोकस जंतूच्या आवरणातल्या सी नावाच्या घटकाला चिकटायचा म्हणून त्याचं नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. हे प्रोटीन आपलं लिव्हर बनवतं. शरीरात कुठेही सूज आली, इन्फेक्शन झालं, मार लागला की पेशी आयएल-६ नावाचा निरोप सोडतात आणि लिव्हर कामाला लागतं. सहा-आठ तासांत सीआरपी वाढायला लागतो, दीड-दोन दिवसांत वर पोचतो, आणि मूळ कारण थांबलं की साधारण १९ तासांत निम्मा होतो. म्हणजे वेग चांगला आहे, पण कारण तो सांगत नाही. दारातलं कुत्रं भुंकलं की कुणीतरी आलंय एवढं कळतं, पाहुणा आलाय की चोर ते भुंकण्यावरून कळत नाही, तसंच हे. दाढेत पू झाला तरी सीआरपी वाढतो, संधिवाताने वाढतो, ऑपरेशन झाल्यावर वाढतो, जाड माणसात आणि सिगरेट ओढणाऱ्यात मुळातच थोडा जास्त असतो, गरोदरपणात वाढतो. लहान मुलांना ॲडिनोव्हायरसने ताप आला तर बॅक्टेरियल इन्फेक्शनमध्ये येतो तसा भला मोठा आकडा येऊ शकतो, आणि पोरगं चार दिवसांनी खेळायला लागतं.

बाकीच्यांचंही तसंच. फेरिटिन हा मुळात लोहाचा साठा दाखवणारा पदार्थ, तो सुजेत वाढतो. पण आपल्याकडे कितीतरी बायकांचं लोह आधीच कमी असतं, त्यांचं फेरिटिन आजारपणात वाढलं तरी ‘नॉर्मल’ रेंजमध्येच दिसू शकतं. डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना जे तुकडे पडतात ते. वय वाढलं की तो वाढतो, गरोदर बाईत वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो, कॅन्सरमध्ये वाढतो. पायात किंवा फुप्फुसात गुठळी आहे का हे तपासताना डी-डायमर नॉर्मल आला, आणि डॉक्टरांनाही शंका कमीच असेल, तर गुठळी नाही असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं, त्याचा खरा उपयोग तो. नुसता वाढलाय एवढ्यावरून गुठळी आहेच असं म्हणता येत नाही.

आता एप्रिल-मे २०२१. सकाळी शटर वर करायच्या आधीपासून लाईन. डी-डायमरचं सॅम्पल निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, त्यात सोडियम सायट्रेट असतं, रक्त बरोबर खुणेपर्यंत भरावं लागतं, नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट. कमी भरलं तर रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. सीआरपी आणि फेरिटिनची ट्यूब वेगळी. पीपीई किटमध्ये घामाने चष्मा धुरकटलेला, समोर म्हातारा माणूस, शीर सापडत नाही, मागून लोक ओरडतायत, अशा अवस्थेत एकेका ट्यूबची खूण बघायची. आणि संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर गेले की फोन सुरू. ‘ताई, बाबांचा सीआरपी २८ आलाय, ठळक अक्षरात आलाय, बेड बघू का?’ मी विचारायची, दादा, ऑक्सिजन किती आहे? तर ९७. दम लागतोय का? नाही. ताप? उतरलाय. डॉक्टर काय म्हणाले? तर डॉक्टरांना अजून दाखवलंच नाही, पॅकेज आम्हीच केलं. अशा माणसाने बेडसाठी मिरज, सांगली, कोल्हापूर पालथं घालायचं आणि जिथे बेड मिळेल तिथे खऱ्या आजारी माणसांच्या शेजारी जाऊन झोपायचं, हे सर्रास चाललेलं.

आणि उलटंही व्हायचं, ते जास्त वाईट. आजाराच्या दुसऱ्या दिवशी केलेला सीआरपी छान नॉर्मल यायचा, घरचे निर्धास्त व्हायचे. कोविडमध्ये तब्येत बिघडायची ती बहुतेक वेळा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास. त्यात कित्येकांना ऑक्सिजन ८८ पर्यंत उतरला तरी दम जाणवायचाच नाही. हातात दुसऱ्या दिवसाचा नॉर्मल रिपोर्ट, त्यामुळे बोटाला ऑक्सिमीटर लावायचंच कुणाच्या मनात येत नसे.

३ मे २०२१ ला एम्सचे तेव्हाचे डायरेक्टर डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीरपणे सांगितलं की सौम्य कोविड असेल, ऑक्सिजन चांगला असेल तर सीटी स्कॅन करू नका, हे रक्तातले मार्करही (म्हणजे सीआरपी, डी-डायमर अशा टेस्ट) करत बसू नका, त्यातून उगाच घबराट होते, आणि सुरुवातीच्या दिवसांत स्टेरॉइड घेऊ नका. त्यांच्या सीटीच्या रेडिएशनच्या आकड्यावर रेडिओलॉजिस्ट लोकांनी आक्षेप घेतला आणि चर्चा सगळी तिकडेच गेली. मार्करबद्दलचं आणि स्टेरॉइडबद्दलचं म्हणणं मागे पडलं, खरं तर तेच महत्त्वाचं होतं.

कारण स्टेरॉइडचं गणित तोपर्यंत स्वच्छ समोर होतं. कोविडच्या औषधांवरच्या ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलचा निकाल जून २०२० मध्येच आला होता. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ६ मिलीग्रॅम रोज, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर, आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात फायदा दिसला नाही, उलट नुकसानाकडेच कल होता. म्हणजे स्टेरॉइड कुणाला द्यायचं हे त्या ट्रायलने ऑक्सिजनवर ठरवलं, सीआरपीवर नाही. आपल्याकडे मात्र ‘सीआरपी वाढलाय, मेड्रॉल चालू करा’ (मेड्रॉल म्हणजे स्टेरॉइडची गोळी) असं चौथ्या दिवशी, घरी बसलेल्या, शुगर असलेल्या माणसाला सांगितलं गेलं. स्टेरॉइडने शुगर वाढते, प्रतिकारशक्ती दबते. पुढे म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, आला, महाराष्ट्रात तर खूपच, २० मे २०२१ ला केंद्राने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला. म्युकरची कारणं एकापेक्षा जास्त आहेत, पण कंट्रोलमध्ये नसलेला डायबेटिस आणि गरज नसताना किंवा जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड ही दोन त्यात मोठी, याबद्दल फारसा वाद नाही. डोळा काढावा लागलेली, वरचा जबडा काढावा लागलेली माणसं आपल्याच भागात आहेत.

आणखी एक गोष्ट, जी घरच्यांना कुणी सांगत नाही. स्टेरॉइड चालू केलं की सीआरपी उतरतोच. फुप्फुसं सुधारली म्हणून उतरला का औषधाने दाबला म्हणून, हे आकड्यात दिसत नाही. टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन दिल्यावर तर आणखी गंमतशीर वाटेल असं होतं, सीआरपी झपाट्याने खाली येतो आणि आयएल-६ वर जातो, कारण त्या औषधाने आयएल-६ ची बसायची जागाच अडवलेली असते, मग तो रक्तात साचतो. हे माहीत नसलं तर एकाच दिवशी दोन रिपोर्ट बघून एक नातेवाईक देवाचे आभार मानतो आणि दुसरा रडतो, आणि दोघांच्याही हातात पेशंटबद्दलची खरी माहिती नसते.

आता, ‘आकडे वाढले की मृत्यूचा धोका वाढतो असं रिसर्चच सांगतो ना?’ हा प्रश्न मला खूप जण विचारतात, आणि प्रश्न योग्य आहे. मार्च २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात वुहानच्या दोन हॉस्पिटलांमधल्या १९१ पेशंटचा अभ्यास आला, त्यात ॲडमिट होताना डी-डायमर १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. तो आकडा जगभर फिरला. पण ते १९१ जण सगळे ॲडमिट झालेले होते हो. त्या गर्दीतून निघालेला आकडा घरी गरम पाणी पिऊन बसलेल्या माणसाला लावता येत नाही. कसं ते हिशोबानेच सांगते, आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. धरा की घरी असलेले १००० पेशंट, त्यातले २० पुढे गंभीर होणार. टेस्ट अशी की गंभीर होणाऱ्या १०० तले ८० पकडते आणि बरे होणाऱ्या १०० तल्या ३० जणांत उगीचच वाढलेली दाखवते. मग २० तले १६ सापडले, ४ सुटले. आणि उरलेल्या ९८० तले २९४ जण विनाकारण घाबरले. म्हणजे ‘वाढलाय’ असा रिपोर्ट हातात असलेले एकूण ३१०, त्यातले खरे फक्त १६. हीच टेस्ट आयसीयूत लावली, जिथे १०० तले ४० गंभीर होणार आहेत, तर ५० जणांचा रिपोर्ट वाढलेला येईल आणि त्यातले ३२ खरे निघतील. टेस्ट तीच, मशीन तेच. फरक कुणाची केली याचा.

चांगला वापर कसा असतो त्याचं उदाहरणही रिकव्हरीमध्येच आहे. टोसिलिझुमॅबसाठी त्यांनी निकष ठेवला होता तो असा, ऑक्सिजन ९२ च्या खाली किंवा पेशंट ऑक्सिजनवर, आणि सीआरपी ७५ किंवा जास्त. ४११६ पेशंट, औषध मिळालेल्यांत २८ दिवसांत मृत्यू ३१ टक्के, न मिळालेल्यांत ३५ टक्के. त्या ‘आणि’ मध्ये सगळं आलं. आकडा एकटा उभा नाही, पेशंटच्या श्वासाबरोबर उभा आहे आणि तो बघून एक विशिष्ट औषध द्यायचं की नाही एवढंच ठरवायचंय. आपल्याकडच्या एम्स-आयसीएमआरच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्येही मध्यम आजाराच्या ॲडमिट पेशंटला सीआरपी, डी-डायमर ४८ ते ७२ तासांनी बघा असं होतं, आयएल-६ तब्येत बिघडत असेल तरच. कागदावर बरोबर होतं. रस्त्यावर मात्र ‘कोविड पॅकेज बेसिक’, ‘कोविड पॅकेज ॲडव्हान्स’ असे बोर्ड लागले.

एक बाजू अशी आहे की जिथे मी स्वतः सीआरपीच्या बाजूने उभी राहीन. ती म्हणजे अँटिबायोटिक. नेदरलँड्समध्ये साध्या फॅमिली डॉक्टरकडे बोटाला टोचून काही मिनिटांत सीआरपी होतो, आणि तो अँटिबायोटिक टाळायला वापरतात. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१४ च्या न्यूमोनियाच्या गाइडलाइनमध्ये लिहिलं होतं की छातीच्या इन्फेक्शनमध्ये तपासून न्यूमोनिया आहे की नाही ठरत नसेल तर सीआरपी बघा, २० च्या खाली असेल तर सरसकट अँटिबायोटिक देऊ नका, २० ते १०० मध्ये थांबून द्यायचा विचार करा, १०० च्या वर असेल तर द्या. २०१९ मध्ये ब्रिटनमध्येच सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटवर असा प्रयोग झाला, बोटाच्या सीआरपीने अँटिबायोटिक घेणाऱ्यांचं प्रमाण ७७.४ वरून ५७ टक्क्यांवर आलं आणि पेशंटचं नुकसान काही झालं नाही. मग बघा, तिकडे २० च्या खालचा सीआरपी म्हणजे औषध न देण्याचं कारण, आणि आपल्याकडे १२ आला की रिपोर्टवर ठळक होतो आणि अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू. आकडा तोच, अर्थ अगदी उलटा लावला. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत असा बोटाचा सीआरपी, सोबत ‘इतक्याच्या खाली अँटिबायोटिक नाही’ असा लेखी नियम घेऊन आला तर मला आनंदच होईल. नियमाशिवाय आला तर आणखी एक पावती फाडायचं साधन होईल.

कोविड गेला पण सवय राहिली. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ फ्लूची साथ होती तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने पत्रक काढलं की ताप साधारण तीन दिवसांत जातो, खोकला तीन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, लक्षणांवर उपचार करा, अँटिबायोटिक देऊ नका. तेव्हाही लॅबमध्ये सीआरपीची रांग. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या व्हायरसच्या बातम्या टीव्हीवर सुरू झाल्या आणि नाक वाहणारी तीन-तीन वर्षांची पोरं टेस्टला. एवढ्याशा मुलाला दोघांनी धरून रक्त काढायचं, ते किंचाळतंय, आईच्या डोळ्यात पाणी, आणि मला आतून माहीत असतं की यातून येणारा आकडा कुठलाच निर्णय बदलणार नाहीये.

डॉक्टरांना एकट्याला दोष देऊन मात्र चालणार नाही. काही बिघडलं तर हॉस्पिटल फुटतं, डॉक्टरला मारहाण होते, मग कागद जवळ असलेला बरा असं त्यांना वाटतं. मेडिक्लेमवाले ॲडमिशन मंजूर करायला रिपोर्ट मागतात, आकडे वाढलेले नसतील तर ‘घरी उपचार झाले असते’ म्हणून क्लेम अडतो, मग आकड्यांसाठीच टेस्ट होते. पेशंटलाही ‘नुसतं बघून’ सोडणारा डॉक्टर आवडत नाही, टेस्ट लिहिणारा हुशार वाटतो. आणि कमिशन आहे, त्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे. २०१७ मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला होता, कायदा झालाच नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने एचआरसीटीचे (छातीच्या सीटी स्कॅनचे) दर बांधून दिले, मशीनप्रमाणे २००० ते ३००० रुपये. चांगलं केलं, लूट थांबली. पण दर बांधला, गरज कुणी बांधली नाही. स्वस्त झालेली अनावश्यक टेस्ट अनावश्यकच असते. माझी मागणी तिथे आहे. सूजेच्या मार्करचं पॅकेज डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी पाहिजे, ॲपवरून तर आधी. चिठ्ठीवर पेशंटचा ऑक्सिजन आणि आजाराचा कितवा दिवस हे दोन आकडे लिहिलेले पाहिजेत, ते रिपोर्टवरही छापून यायला पाहिजेत, म्हणजे वाचणाऱ्याला सीआरपीच्या शेजारी माणूस दिसेल.

आणि युनिट. हे ऐकायला किरकोळ वाटेल पण माझ्या मते सगळ्यात आधी करायचं काम हेच आहे. एक लॅब सीआरपी मिलीग्रॅम पर लिटरमध्ये देते, दुसरी मिलीग्रॅम पर डेसिलिटरमध्ये. ४८ आणि ४.८ हे एकच आहेत. आज इथे ४.८, उद्या तिथे ४८, घरच्यांना वाटतं एका रात्रीत दहापट वाढला. डी-डायमरचं त्याहून अवघड, एफईयू आणि डीडीयू अशा दोन पद्धती, एकात जो आकडा येतो तो दुसऱ्यात जवळपास निम्मा असतो, एफईयूमध्ये ५०० ची मर्यादा म्हणजे डीडीयूत साधारण २५०, त्यात कुणी नॅनोग्रॅममध्ये देतं कुणी मायक्रोग्रॅममध्ये. वर वय ५० च्या पुढे गेलं की मर्यादाही वयाप्रमाणे वाढवून बघायची असते, एफईयूमध्ये वय गुणिले दहा, म्हणजे ७० वर्षांच्या आजोबांना ७००, पण कितीतरी रिपोर्टवर सरसकट ५०० छापलेलं असतं आणि आजोबांचे ६२० ठळक होतात. राज्यभर एकच युनिट ठरवायला यंत्र विकत घ्यावं लागत नाही, एक जीआर पुरेसा आहे.

लॅबवर लक्ष ठेवणारा कायदा तरी कुठे आहे? दवाखाने आणि लॅबच्या नोंदणीचा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा, महाराष्ट्राने तो घेतलेला नाही. रिपोर्टवर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं, एनएबीएल हे लॅबच्या दर्जाचं प्रमाणपत्र घ्यायचं की नाही हे लॅबच्या मर्जीवर. ज्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट बसतच नाही तिथून आलेल्या ठळक आकड्यावर घरातला मोठा मुलगा निर्णय घेतो.

तोपर्यंत घरी काय करायचं? दम लागतोय का बघा. मोठ्या माणसाला ऑक्सिमीटर लावा, नेलपॉलिश पुसून, हात गरम करून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. मग घरातल्या घरात सहा मिनिटं चालवा आणि परत लावा, आपल्या आरोग्य खात्यानेच २०२१ मध्ये सांगितलेली सिक्स मिनिट वॉक टेस्ट, ऑक्सिजन तीनपेक्षा जास्त टक्क्यांनी उतरला किंवा चालताना दम लागला तर तडक डॉक्टरकडे. आधीच दम असलेल्या माणसाला मात्र चालवू नका, त्याला थेट घेऊन जा. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी आकडा थोडा जास्त दाखवतं, म्हणून ९४-९५ असताना माणूस बरा दिसत नसेल तर यंत्रापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. लहान मूल असेल तर शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, झोपलेलं किंवा शांत असताना श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर रात्र असली तरी निघा. आपल्या आशाताई हे मोजायला शिकलेल्या आहेत, त्यांना विचारा. आणि डॉक्टरांनी टेस्ट लिहिली तर भांडू नका, नीट विचारा, ‘डॉक्टर, आकडा वाढलेला आला तर तुम्ही काय बदलणार, आणि नॉर्मल आला तर काय?’ चांगला डॉक्टर याचं उत्तर एका वाक्यात देतो, आणि ते उत्तर मिळालं की मग लॅबमध्ये या, आम्ही ट्यूब खुणेपर्यंत भरून घेतो.